आखाजीच्या झोक्यावरची चाल संगीतिकेत घ्यायची तर

तापीकाठ

नमस्कार मंडळी. आमच्या गावच्या हौशी संचासाठी दोन अंकी संगीतिका बसवतो आहे. आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, माहेरी आलेली लेक परत सासरी जायला तयार होत नाही, एवढंच कथानक. संवाद थोडे, बाकी सगळं गाऊन. संगीत माझ्याकडे आहे. पहिल्या अंकात निंबाला बांधलेल्या झोक्याचा प्रवेश आहे आणि तिथे ‘आथानी कैरी तथानी कैरी, कैरी झोका खाय व’ ही आपल्याकडे घरोघरी म्हटली जाणारी चालच घ्यायचं माझ्या मनात आहे. यावरून तालमीत दोन तट पडलेत. काही म्हणतात, संगीतकार आहेस ना, मग स्वतःची चाल बांध, लोकांचं उचलू नकोस. बाकीचे म्हणतात, लोकगीताला मालक कुठला, खुशाल घे. मला दोन्ही पटत नाही.

माझं म्हणणं असं की चाल जरूर घ्यावी, पण ती कुठून आली ते छापावं, म्हणणाऱ्या बायांना आधी विचारावं, आणि पेटीवर बसवताना तिचा श्वास मोडू नये. हे जमणार नसेल तर नवी चाल बांधलेली बरी.

युरोपच्या ऑपेरात हे कसकसं झालं याच्या नोंदी चांगल्या राहिल्या आहेत, म्हणून तिकडचं उदाहरण घेतो. इटालियन संगीतकार पुच्चिनीच्या ‘तुरांदोत’ या ऑपेरात चिनी राजकन्येची म्हणून जी धून वारंवार येते, ती मुळात चीनमधलं मोगऱ्याचं लोकगीत आहे, ‘मो ली ह्वा’. आज जी चाल सर्रास ऐकू येते तिचा मुखडा आपल्या सरगमात ग ग प ध सां सां ध प, प ध प असा उतरतो. मध्यम नाही, निषाद नाही. आपल्याकडचा कुणीही ऐकून भूप म्हणेल. ही चाल युरोपात फार आधी पोचली होती. ब्रिटिश वकील लॉर्ड मकार्टनीच्या १७९३ सालच्या चीनवारीत सोबत असलेल्या जॉन बॅरोने १८०४ च्या प्रवासवर्णनात ती स्वरलिपीसह छापली. पुच्चिनीच्या कानावर मात्र ती १९२० साली पडली, चीनमध्ये राहून आलेल्या बॅरन फासिनी-कामोस्सी यांच्याकडच्या चावीच्या संगीतपेटीतून. म्हणजे माणसाच्या गळ्यातून नाही, पितळेच्या दात्यांतून.

आणि तरी त्याने तिचं काय केलं बघा. पहिल्या अंकात गर्दी चंद्र उगवायची वाट पाहते आहे. चंद्र वर आला की एका राजपुत्राचं शीर उडवणार. त्या क्षणी पडद्यामागून मुलांचं वृंदगान येतं, दोन सॅक्सोफोनच्या साथीने, आणि ते गातात ही मोगऱ्याची चाल. मूळ गाण्यात कुणीतरी म्हणतं आहे की फूल तोडावंसं वाटतं पण बागवान रागावेल. इतकी निरागस चाल मारेकऱ्याच्या शेजारी ठेवल्यावर अंगावर काटा येतो. पुढे तीच चाल अख्ख्या वाद्यमेळासकट राजकन्येचा दरारा होऊन येते. पुच्चिनी १९२४ साली वारला, उरलेला शेवट फ्रांको आल्फानो या संगीतकाराने पुरा केला, आणि २५ एप्रिल १९२६ ला मिलानच्या ला स्काला नाट्यगृहात पहिला प्रयोग झाला. त्या रात्री वाद्यवृंद चालवणाऱ्या तोस्कानिनीने पुच्चिनीची स्वतःची लिखावट जिथे संपते तिथेच प्रयोग थांबवला.

त्याच १९२६ साली ऑक्टोबरात बुडापेस्टला हंगेरियन संगीतकार कोदायचा ‘हारी यानोश’ रंगमंचावर आला. कोदाय आणि त्याचा संगीतकार सोबती बार्तोक १९०५-०६ पासून मेणाच्या नळकांड्यांवर मुद्रण करणारा फोनोग्राफ घेऊन खेडोपाडी हिंडत, म्हाताऱ्यांना गायला लावत. त्यातली गाणी कोदायने थेट राजधानीच्या ऑपेरागृहात आणली. मधे बोली संवाद, मधे गाणं, वाद्यवृंदात आपल्या संतूरच्या जातीचं चिंबालोम. आपल्या संगीत नाटकाला इतकं जवळचं दुसरं काही मला तरी माहीत नाही.

एकाच वर्षाची ही दोन नाटकं. एकाला चाल मिळाली संगीतपेटीतून, दुसऱ्याला ओसरीवर बसून. दोन्ही थोर आहेत. पण मी खान्देशात राहून, ओसरी चार पावलांवर असताना, मोबाइलवरची चित्रफीत ऐकून चाल बसवली तर ते मला शोभणार नाही. तुम्हाला काय वाटतं?

वाघूर

उत्तम विषय. जरा आपल्या घरात बघू या. अण्णासाहेब किर्लोस्करांचं ‘शाकुंतल’ ३१ ऑक्टोबर १८८० ला पुण्यात झालं, ‘सौभद्र’ १८८२ ला. त्यांत साकी आहे, दिंडी आहे, कीर्तनातल्या चाली आहेत, लावणीच्या आहेत, कानडी आहेत. जुन्या छापील प्रती हाती आल्या तर पदाच्या डोक्यावर बघा, ‘चाल’ लिहून पुढे मूळ गाण्याची पहिली ओळ दिलेली असते. स्वरलिपी कुणी छापत नव्हतं, तेव्हा वाचणाऱ्याला पद म्हणता यावं हा त्यातला सरळ हेतू. पण त्या एका ओळीमुळेच कुठलं पद कशावरून आलं ते आज आपल्याला सांगता येतं.

पुढे १९११ च्या ‘मानापमान’ला गोविंदराव टेंब्यांनी उत्तरेकडचा ठुमरी-दादरा-कजरीचा ढंग आणला, १९१६ च्या ‘स्वयंवर’ला भास्करबुवा बखल्यांनी बंदिशी आणल्या. मराठी रंगभूमीने चाल घेण्यात कधीच कमीपणा मानला नाही. तेव्हा ‘स्वतःची चाल बांध’ म्हणणाऱ्या तुमच्या सोबत्यांना सांगा की हा आग्रह आपल्या परंपरेतला नाही. खंत एवढीच की या सगळ्या घेण्यात कानडी आलं, हिंदुस्थानी आलं, पण आखाजी, गुलाबाई, वहीगायन या आपल्या खान्देशी लोकगाण्यांतलं मोठ्या रंगभूमीवर फारसं पोचलं नाही. तापीकाठ, तुम्ही घ्याच.

सातपुडा

माझा विरोध नोंदवतो. मी नंदुरबारकडचा. आमच्याकडच्या काठी गावच्या राजवाडी होळीला दरवर्षी बाहेरून कॅमेरे येतात. रात्रभर नाचणाऱ्या माणसांचा ढोल मुद्रित होतो आणि पुढच्या लग्नसराईत तोच ढोल कुठल्या तरी डीजेच्या गाण्याखाली कापून चिकटवलेला ऐकू येतो. ज्यांनी वाजवला त्यांना पत्ताही नसतो. तुम्ही पुच्चिनी सांगा की कोदाय, ज्याच्याकडे नाट्यगृह आहे तो घेतो आणि ज्याच्याकडे ढोल आहे तो जिथल्या तिथे राहतो. होळीचा ढोल होळीला, झोक्याचं गाणं झोक्यावर. रंगमंचावर आणलं की ते शोभेचं होतं.

तापीकाठ

सातपुडा दादा, तुमचा राग रास्त आहे आणि तो नजरेआड करून मला पुढे जायचं नाही. पण सगळ्याच गाण्यांना एक नियम लावू नये असं मला वाटतं. कानबाईच्या रोटांची गाणी मी संगीतिकेत घेणार नाही. श्रावणात भावकी एकत्र येऊन नारळाची कानबाई सजवते, रात्र जागवते, सकाळी वाजतगाजत नदीवर नेते; ती गाणी देवीपुढे म्हणायची, तिकीट लावून नाही. होळीचा ढोलही त्यातलाच. आखाजीचं गाणं मात्र खेळाचं आहे. बाया ते शेतात म्हणतात, लग्नात म्हणतात, लेकराला झोळीत घालून म्हणतात. ते आधीपासून जागा बदलत आलेलं आहे.

चालीला जागा बदलल्यावर काय होतं याचं एक उदाहरण सांगतो. पुच्चिनीचाच १९०४ चा ऑपेरा ‘मादाम बटरफ्लाय’. त्यात ‘साकुरा’सारख्या जपानी चाली आहेत हे सगळ्यांना ठाऊक होतं. पण नायिकेच्या एका मुख्य धुनेचं मूळ सापडत नव्हतं. २०१२ साली अँथनी शेपर्ड या अभ्यासकाने अमेरिकेतल्या न्यू जर्सीच्या एका संग्रहालयातली जुनी संगीतपेटी ऐकली आणि त्यात ती धून निघाली. जपानी नाही, चिनी; आणि तीही ‘अठरा स्पर्श’ नावाच्या चावट गाण्याची. पुच्चिनीने ती त्या पोरीच्या निष्ठेला लावली. आपल्याकडे शृंगाराच्या लावणीची चाल भजनाला लावलेली चालते, तेव्हा यात मला धक्कादायक काही वाटत नाही. वाईट याचं वाटतं की शंभरावर वर्षं ते गाणं कुणाचं, कुठलं, हे कुणालाच सांगता आलं नाही. संगीतपेटीवर गाणाऱ्याचं नाव नसतं. मला टाळायचं आहे ते हेच.

जात्यावरची

दादा, तुम्ही बायांना विचारणार म्हणता ते बरं. पण कोणाला विचारणार? आमच्या गल्लीत हेच गाणं तीन घरांत तीन तऱ्हेने म्हणतात. माझ्या आईची चाल दुसऱ्या ओळीला खाली उतरते, काकू तीच ओळ वर नेतात, आणि कोण बरोबर म्हणून दोघी भांडत नाहीत. एक पुढे म्हणते, बाकीच्या मागून धरतात. पुढची थकली की दुसरी ओळ उचलते आणि तिथून गाणं तिच्या माहेरच्या वळणाने जातं. म्हणून तुम्ही ‘पारंपरिक’ एवढंच छापलंत तर त्यात आमच्यातली कोणीच येत नाही.

आणखी एक. झोक्याच्या गाण्यातला गंधार पेटीत नाही. ना शुद्ध, ना कोमल, दोहोंच्या मधला. माझी आई ‘खाय व’ म्हणताना त्या ‘खा’वर जिथे थांबते, तिथे पेटीची कुठलीही पट्टी दाबली तरी खटकते. प्रवेशापुरती पेटी बंद ठेवा. डफ ठेवा किंवा काहीच नको. बायांच्या बांगड्या पुरतात.

वाघूर, तुम्ही १८८० म्हणालात. त्याच साली आसोद्याला बहिणाबाई जन्मल्या. जात्यावर, शेतात जे सुचलं ते म्हणत राहिल्या. त्यांचा मुलगा सोपानदेव आणि त्यांच्या मावसभावाने ते उतरून घेतलं म्हणून १९५२ ला, त्या गेल्यावर, पुस्तक झालं. त्यांच्याबरोबर ओवी म्हणणाऱ्या किती जणींचं कोणी उतरून घेतलं नाही! (आणि बहिणाबाईंची बोली ही अहिराणी नव्हे, लेवा गणबोली. पुष्कळ कार्यक्रमांत सूत्रसंचालक ‘अहिराणी कवयित्री’ म्हणून मोकळे होतात, म्हणून लिहिलं.)

पांझरा

तिसरी वाट कुणी मांडली नाही, ती मांडतो. चाल अजिबात घ्यायची नाही, बोलण्याचा हेल घ्यायचा.

मोराव्हियातला, म्हणजे आजच्या चेक देशातला, संगीतकार यानाचेक. लोकगीतं गोळा करण्यात त्याची वर्षं गेली. पण २१ जानेवारी १९०४ ला ब्रनोला त्याचा ‘येनुफा’ हा ऑपेरा झाला तेव्हा त्यात त्याने तयार लोकचाली सजवून मांडण्यापेक्षा वेगळाच रस्ता धरला होता. बाजारात, स्टेशनवर, घरात माणसं बोलत त्याचे स्वर तो वहीत टिपून ठेवायचा. भाजी विकणारी बाई हाक मारते तेव्हा आवाज कुठे चढतो, रागावलेली आई वाक्य कुठे तोडते, ते सगळं स्वरांत. त्यावरून पात्रांचं गाणं बांधायचा. म्हणून त्याचं गाणं त्या मुलखाचं वाटतं, उसनं वाटत नाही.

अमेरिकेत संगीतकार गर्श्विनने १९३५ च्या ‘पोर्गी अँड बेस’ला लोक-ऑपेरा म्हटलं. आदल्या उन्हाळ्यात दक्षिण कॅरोलिनात चार्ल्स्टनजवळच्या बेटावर जाऊन राहिला, तिथल्या काळ्या लोकांच्या प्रार्थना ऐकल्या, त्यांच्यात गायला, आणि मग ठरवलं की मूळ गाणी वापरायची नाहीत. सगळं संगीत एका हातचं वाटावं म्हणून भजनंसुद्धा स्वतः रचली.

आता अहिराणीचा हेल बघा. ‘कथा जाई ऱ्हायनी व माय?’ (कुठे चाललीस गं माय?) या एका प्रश्नात केवढा चढउतार आहे! ‘व’वर आवाज जसा लोंबतो तसा प्रमाण मराठीत लोंबत नाही. तापीकाठ, तुमच्या नायिकेने सासरी जायला नकार दिला तो क्षण या हेलात बांधा. झोक्यावर हवं तर जुनं गाणं येऊ द्या, पण नकार तिचा स्वतःचा आहे, तो कुणाच्या तयार चालीत बसणार नाही.

वाघूर

पांझरा, फार मोलाचं. शेवटचं वाक्य तर वहीत लिहून ठेवावं असं.

कोर्टपायरी

वकिली नजरेने थोडं. आपल्या १९५७ च्या कॉपीराइट कायद्याप्रमाणे संगीतरचनेचा हक्क रचनाकाराच्या मृत्यूनंतर ६० वर्षं चालतो. पिढ्यान् पिढ्या चालत आलेल्या, रचनाकार माहीत नसलेल्या चालीवर असा हक्क कुणालाच सांगता येत नाही. म्हणजे कायदा तुम्हाला अडवत नाही. पण तुम्ही केलेल्या नव्या वाद्यमेळावर तुमचा हक्क येतो, आणि कुणी केलेल्या ध्वनिमुद्रणावर त्या मुद्रणाचा वेगळा हक्क असतो. इथे गडबड होते. आमच्या ओळखीच्या एका महिला मंडळाने गुलाबाईची गाणी स्वतः म्हणून यूट्यूबवर टाकली, तर एका ध्वनिमुद्रण कंपनीचा दावा आला की चाल आमची. चाल त्या कंपनीच्या जन्माआधीची! बायांनी घाबरून चित्रफीत काढून टाकली. तसं करायची गरज नव्हती, हरकतीला उत्तर देता येतं. तेव्हा जे कोणी मुद्रण कराल त्यांनी गाणारीचं नाव, गाव, तारीख चित्रफितीतच बोलून घ्या. पुढे पुरावा म्हणून तेच उभं राहतं.

आणि लोकगीत समजून घेतलेलं गाणं लोकगीतच असेल याची खात्री करून घ्या. फ्रेंच संगीतकार बिझेच्या ‘कार्मेन’ ऑपेरातलं ‘हबानेरा’ हे गाणं जगभर गाजलं. १८७५ साली ऑपेरा आला तेव्हा बिझे ती चाल लोकगीत समजून चालला होता. ती निघाली सेबास्तियन इरादिएर या स्पॅनिश रचनाकाराची. तो जाऊन दहाच वर्षं झाली होती. बिझेला कळलं तेव्हा त्याने छापील प्रतीत तसा उल्लेख घातला. आपल्याकडे अहिराणीत गेल्या काही वर्षांत लिहिलेली कितीतरी गाणी लग्नात इतकी वाजतात की लोक त्यांना पारंपरिक म्हणू लागलेत. लिहिणारे हयात आहेत.

निंबोरा

आखाजीले मी बी झोकावर हाईच गानं म्हनस. भाऊ, तुम्ही लिखं ते बरं वाटनं. मनी आजी म्हने, गानं जेना तोंडमा तेनं. पन म्हननाऱ्या बायास्ले पहिला रांगमा बसाडा. पास मांगाले लावू नका.

सातपुडा

निंबोराताईंच्या शेवटच्या वाक्यावर माझा विरोध पुष्कळ मावळला. पहिल्या रांगेत त्या बाया असतील तर मी तिकीट काढून येईन. तरी एक अट. प्रयोगाआधी त्यांना तालमीला बोलवा, आणि त्या ‘हे असं नाही’ म्हणाल्या तर तिथल्या तिथे बदला. पोस्टर लागल्यावर विचारणं म्हणजे विचारणं नव्हे.

तापीकाठ

सगळ्यांचे मनापासून आभार. आता ठरवलंय ते असं.

झोक्याच्या प्रवेशात पेटी नाही. गाणं तीन जणी म्हणतील, एक पुढे, दोघी मागून, आणि मधे पुढची बदलेल. जात्यावरची ताई म्हणतात तसं दुसरी ओळ खाली आणि मग वर अशी दोन्ही वळणं येतील. नकाराचा प्रसंग पांझरांनी सांगितलेल्या वाटेने. तो आधी एका तयार पदाच्या चालीत अर्धा बांधला होता, तो बाजूला ठेवतो. नायिका म्हणणाऱ्या मुलीकडून ती वाक्यं नुसती बोलून घेणार, अहिराणीत, रागाने, आणि मग स्वर लावणार.

पत्रिकेवर वाघूर यांच्या जुन्या प्रतींसारखं पदाच्या वर छापीन: ‘चाल: आखाजीचं झोक्याचं गाणं’, पुढे ज्यांच्याकडून शिकलो त्या बायांची नावं आणि गावं, त्यांची परवानगी घेऊन. संगीतकार म्हणून माझं नाव त्या पदापुढे नसेल, बाकीच्या पदांपुढे असेल. तालमीला त्यांना बोलावणं जाईल, जीपभाडं संच देईल. यावर आमच्या व्यवस्थापकांशी बोलणं झालं आहे.

एक अडचण उरते. गावातल्या बाया झोक्यावर म्हणतात ती लय मला रंगमंचावर सापडत नाही. तालमीत गाणं पळतं. मुली घाई करतात असं वाटून त्यांना सावकाश म्हणायला लावलं, तर गाणं आणि झोका वेगवेगळे होतात.

काळीमाती

शाळेत भौतिकशास्त्र शिकवतो, म्हणून या अडचणीवर बोलू शकतो. मुली घाई करत नाहीत, झोकाच घाई करतो. झोका एकदा जाऊन यायला किती वेळ घेतो हे दोराच्या लांबीवर असतं. बसणारी जड की हलकी याने फरक पडत नाही. निंबाच्या उंच फांदीला ४ मीटर दोर असेल तर जाऊन यायला ४ सेकंद लागतात. तुमच्या रंगमंचावर वर दांडी किती उंच? झोक्याला २.५ मीटर दोर मिळत असेल तर तोच फेरा ३ सेकंदांच्या जरा वर येतो. दर ओळीला जवळजवळ एक सेकंद गेला, आणि तो जातो नेमका ‘व’ लांबवायच्या जागेतून. बायांचा श्वास तिथेच असतो.

दोन उपाय आहेत. दांडी वर नेता येत असेल तर न्या. नाहीतर झोका पुढे प्रेक्षकांना अर्धाच दिसू द्या आणि त्याचा दोर विंगेच्या वर, छताच्या तुळईला बांधा. भार तपासून घ्या, गाठ दोनदा बघा आणि रिकाम्या झोक्यावर आधी गोणी ठेवून हलवून पाहा. लांबी मोजून कळवलीत तर किती सेकंद येतात ते काढून देतो.

तापीकाठ

दांडी साडेतीन मीटरवर आहे, पाटाची उंची वजा जाता दोर तीन मीटरच्या आसपास. तुळईचं उद्या सुताराला दाखवतो.

जात्यावरची

उद्या जाताय तर दोर सुताचा घ्या, नायलॉनचा नको. नायलॉन करकरतो, आणि पेटी बंद असल्यावर ते सगळं ऐकू येईल.